आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असईचा सेनापती, वॉटर्लूचा विजेता आणि ब्रिटनचा पंतप्रधान, हे तिघे म्हणजे एकच माणूस. मराठी वाचकाला यातला पहिला ओळखीचा असतो आणि बाकीचे दोघे पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या ओळीपुरते. म्हणून इथे दख्खनच्या मोहिमेला जास्त जागा दिली आहे. शिवाय पुढे युरोपात त्याने जे केलं, त्याची तालीम इथेच झाली असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘लॉर्ड वेलस्ली’ आणि आर्थर वेलस्ली एकच का?

नाही. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. तैनाती फौजेमुळे आपल्याला माहीत असलेला लॉर्ड वेलस्ली म्हणजे थोरला भाऊ रिचर्ड. तो १७९८ ते १८०५ या काळात कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता. आर्थर त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. तिसरा भाऊ हेन्री हाही त्याच काळात भारतात होता आणि रिचर्डच्या कचेरीत काम करत होता. थोडक्यात, धोरण रिचर्डचं आणि मैदानातली अंमलबजावणी आर्थरची. वसईचा तह, तैनाती फौज, संस्थानांशी केलेले करार यांचं श्रेय किंवा दोष आर्थरच्या माथी मारणं चूक आहे. उलट, वसईच्या तहातून पुढे किती कटकटी निघतील, याबद्दल त्याने स्वतःच पत्रांतून शंका व्यक्त केल्या होत्या.

त्याचा जन्म कुठला? तो इंग्रज होता की आयरिश?

जन्म डब्लिनचा, १७६९ सालचा. १ मे ही तारीख तो स्वतः पाळत असे, पण बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून जन्म एप्रिलच्या अखेरीस झाला असावा असंही मानलं जातं. घराणं आयर्लंडमध्ये जमीनजुमला असलेलं, प्रॉटेस्टंट, इंग्रजी वळणाचं. वडील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हे संगीतकार होते आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापकही. आडनाव मुळात ‘वेस्ली’ होतं, ते १७९८ मध्ये ‘वेलस्ली’ झालं. त्याआधीच्या कागदपत्रांत शोधायचं असेल तर वेस्ली हेच नाव धरून शोधा, नाहीतर हाती काही लागणार नाही.

तबेल्यात जन्मल्याने कुणी घोडा होत नाही, असं आपल्या आयरिशपणाबद्दल त्याने म्हटल्याचं सगळीकडे छापलेलं दिसतं. ते वाक्य त्याचं नाही. त्याचा राजकीय विरोधक डॅनियल ओ’कॉनेल याने ते त्याच्याविषयी काढलेले उद्गार आहेत.

अर्लचा मुलगा असून तो कॉमन्स सभागृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कसा बसला?

ब्रिटिश पद्धतीत किताब फक्त थोरल्या मुलाकडे जातो. बाकीची भावंडं कायद्याच्या नजरेत सामान्य प्रजाच. त्यामुळे १७९० मध्ये ट्रिम या घरच्या मतदारसंघातून तो आयरिश कॉमन्समध्ये गेला आणि भारतातून परतल्यावर १८०६ मध्ये राय इथून लंडनच्या कॉमन्समध्ये. १८०७ मध्ये तो कॉर्नवॉलमधल्या मिचेल या मतदारसंघाचाही प्रतिनिधी होता. मिचेल म्हणजे मूठभर मतदारांचं खेडं. १८३२ च्या सुधारणा कायद्याने तो मतदारसंघच रद्द झाला.

स्वतःच्या कर्तबगारीवर मिळालेले किताब मात्र त्याला एकामागून एक मिळाले. १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि नंतर मार्क्वेस, १८१४ मध्ये ड्यूक. पहिल्या किताबानंतर त्याची जागा लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, गेली. वेलिंग्टन हे नाव सॉमरसेट परगण्यातल्या एका गावाचं. आर्थर तेव्हा स्पेनमध्ये असल्याने त्याच्या विल्यम नावाच्या भावाने ते परस्पर निवडलं.

सैन्यातली पदं त्याने पैसे देऊन घेतली हे खरं का?

खरं, आणि ते त्या काळी कायदेशीर होतं. पायदळात आणि घोडदळात लेफ्टनंट कर्नलपर्यंतची पदं विकत मिळत. वरच्या पदासाठी पूर्ण रक्कम भरावी लागत नसे. आपलं आधीचं पद विकायचं आणि वरचा फरक तेवढा भरायचा. १८२१ च्या सरकारी दरपत्रकानुसार पायदळात एन्साइनचं, म्हणजे सर्वांत खालच्या अधिकाऱ्याचं, पद ४५० पौंड, लेफ्टनंटचं ७००, कॅप्टनचं १,८००, मेजरचं ३,२०० आणि लेफ्टनंट कर्नलचं ४,५०० पौंड. म्हणजे कॅप्टनला मेजर व्हायचं तर १,४०० पौंड हातात हवेत. शिवाय दरपत्रकाबाहेरची देवाणघेवाण चाले ती वेगळीच. लढाईत अधिकारी मेला तर त्याचे पैसे बुडत आणि ती जागा सेवाज्येष्ठतेने फुकट भरली जाई. तोफखान्यात आणि इंजिनीयर दलात मात्र ही विक्री नव्हती, कारण तिथे शिक्षण लागे. ही पद्धत १८७१ मध्ये बंद झाली.

आर्थर १७८७ मध्ये एन्साइन झाला आणि १७९३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल. पैसे रिचर्डने दिले. लेफ्टनंट कर्नलच्या वर मात्र पैसा चालत नसे. तिथून पुढे ज्येष्ठता आणि कामगिरी. त्याला तरुणपणी पलटण मिळाली ती पैशाने आणि ओळखीने. ती हाताशी आल्यावर त्याने काय केलं हा पुढचा हिशेब आहे, आणि दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय त्याचं मोजमाप होत नाही.

१८०३ च्या आधी तो भारतात काय करत होता?

फेब्रुवारी १७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. १७९९ च्या म्हैसूर युद्धात ५ एप्रिलच्या रात्री श्रीरंगपट्टणमजवळच्या सुलतानपेठच्या राईवर त्याने केलेला हल्ला सपशेल फसला. कारण साधं होतं. दिवसाउजेडी जागेची पाहणी केली नव्हती, अंधारात तुकड्यांची पांगापांग झाली आणि काही माणसं टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडली. न पाहिलेल्या जागेवर रात्री हल्ला करायचा नाही, हा धडा त्याने त्या रात्री घेतला. ४ मे रोजी श्रीरंगपट्टणम पडलं. हल्ल्याचं नेतृत्व बेअर्ड या दुसऱ्या ब्रिटिश सेनापतीचं, पण शहराचा कारभार आर्थरकडे आला. गव्हर्नर जनरलचा भाऊ असण्याचा हा उघड फायदा होता आणि बेअर्डला तो शेवटपर्यंत सलत राहिला.

मग आला धोंडिया वाघ. टिपूच्या तुरुंगातून सुटलेल्या या बंडखोराने कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात हजारोंची फौज उभी केली होती. ३० जून १८०० रोजी त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना ठार केलं. वेलस्लीने दोन महिने त्याचा पाठलाग करून १० सप्टेंबरला कोनगलजवळ त्याला गाठून मारलं. धोंडियाच्या लहान मुलाच्या, सलाबत खानाच्या, पालनपोषणाची तजवीजही त्यानेच केली. चपळ घोडदळाला कसं गाठायचं, बाजार आणि बैल बरोबर कसे हलवायचे, हे सगळं त्या दोन महिन्यांत पक्कं झालं.

१८०१ मध्ये बेअर्डच्या हाताखाली इजिप्तच्या मोहिमेवर जायचं ठरलं, पण मुंबईत त्याला ताप आला आणि अंगभर खाज सुटली. त्यावर डॉक्टरांनी सौम्य नायट्रिक ॲसिडच्या पाण्याने अंघोळीचा उपाय केला. आजारपणामुळे तो मागे राहिला. ज्या ‘सुझाना’ जहाजावर तो चढणार होता ते तांबड्या समुद्रात सगळ्या माणसांसकट बुडालं.

१८०३ चं युद्ध कशावरून पेटलं?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. त्याला गादीवर परत बसवायचं काम आर्थरकडे आलं. पुणं जाळलं जाणार अशी खबर येताच त्याने घोडदळासह सुमारे ६० मैल एका दमात कापले आणि २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात पोचला. बाजीराव १३ मे रोजी परतला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. त्यांच्या फौजा निजामाच्या हद्दीजवळ एकत्र आल्या, वाटाघाटी फिसकटल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला युद्ध सुरू झालं. होळकर यात उतरलेच नाहीत. मराठ्यांच्या बाजूने या युद्धातली सर्वांत महाग चूक हीच होती.

ऐन पावसाळ्यात मोहीम का काढली?

कारण पावसाळा त्याच्या फायद्याचा होता. त्याचा हिशेब असा: मराठ्यांचा खरा जोर वेगवान घोडदळावर. नद्या कोरड्या असल्या की ते वाटेल तिथून पलीकडे जातं, मुलूख लुटतं आणि हाती लागत नाही. नद्यांना पूर आला की त्याचा वेग संपतो. ज्याच्याकडे नदी ओलांडायची सोय तयार आहे, त्याला मात्र पूर अडवत नाही. म्हणून त्याने आधीच टोपल्यांच्या होड्या, म्हणजे बांबूचा विणलेला सांगाडा आणि वरून कातडं, अशा हरिगोलांची व्यवस्था लावली.

दुसरी बाजू धान्याची. शिपायाला तांदूळ, गोऱ्या सैनिकाला मांस आणि दारू, घोड्याला हरभरा, बैलाला चारा. हे सगळं रोज हवं. स्थानिक लुटीवर जगायचं नाही, हा त्याचा दंडक होता. गाव लुटलं की पुढच्या वेळी तिथे दाणा मिळत नाही आणि खबरही मिळत नाही, इतकं साधं कारण. लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांशी करार करून तो धान्य विकत घेई. तोफा ओढायला म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल वापरी, कारण साधा बैल फौजेच्या चालीने टिकत नाही. लूट करणाऱ्या स्वतःच्या माणसांना त्याने फासावर चढवलं आहे.

इतकं करूनही नुकसान टळलं नाही. पावसात बैल मोठ्या संख्येने मेले आणि पेशव्यांकडून कबूल झालेली मदत वेळेवर आली नाही. अहमदनगर लवकर घेण्यामागे हेच कारण होतं. पुढच्या मोहिमेसाठी भक्कम कोठार हवं होतं.

अहमदनगरचा किल्ला चार दिवसांत कसा पडला?

आजच्या अहिल्यानगरची पेठ आणि किल्ला, दोन वेगळ्या जागा. ८ ऑगस्टला पेठेवर शिड्या लावल्या. भिंत उंच पण अरुंद, आतल्या बाजूला उभं राहायला धक्काच नाही. त्यामुळे वर चढलेल्यांना पाय ठेवायला जागा मिळेना आणि ७८व्या हायलँडर पलटणीतले लोक खाली कोसळत राहिले. शेवटी बुरुजाची जागा धरून काही जण आत उतरले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्ल्यावर १० तारखेला तोफा सुरू झाल्या आणि १२ ला किल्लेदाराने सामानसुमानासह बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडला. ‘सकाळी आले, भिंत पाहिली, ओलांडली, शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले’ अशा अर्थाचं पेठेच्या हल्ल्याचं प्रसिद्ध वर्णन तेव्हा वेलस्लीच्या बाजूने हजर असलेल्या गोखल्यांच्या नावावर सांगितलं जातं. हेच बापू गोखले पुढे इंग्रजांविरुद्ध लढले आणि १८१८ मध्ये अष्टीला पडले.

असईला नेमकं काय घडलं?

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई आहे. वेलस्ली आणि दुसरी ब्रिटिश फौज घेऊन आलेला कर्नल स्टीव्हन्सन दोन वाटांनी येऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करणार होते. हरकाऱ्यांनी खबर दिली की शत्रू ‘भोकरदन’ला आहे. वेलस्लीने ते गाव समजलं. प्रत्यक्षात फौज भोकरदन परगण्यात असईपर्यंत पसरली होती. त्यामुळे मुक्कामावर पोचताच कळलं की शत्रू अवघ्या सहा मैलांवर आहे.

थांबावं तर शत्रू निघून जाईल किंवा उलट मुक्कामावर तुटून पडेल. त्याने त्याच दिवशी हल्ला करायचं ठरवलं. त्याच्याकडे लढाऊ पायदळ-घोडदळ मिळून सुमारे साडेचार हजार आणि वीसेक तोफा. म्हैसूर व पेशव्यांचं घोडदळ वेगळं, ते नदीपलीकडे उभं ठेवलं. समोर शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचं साधारण दहा-अकरा हजारांचं कवायती पायदळ, त्यात बेगम समरूच्या पलटणीही होत्या. शिवाय मोठं घोडदळ आणि शंभराच्या आसपास तोफा.

समोरून केळणा ओलांडणं म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणं. बाजूने उतार आहे का, असं विचारलं तर वाटाड्यांनी नाही म्हणून सांगितलं. वेलस्ली स्वतः पुढे गेला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दिसली. इतकी जवळ वसलेली दोन गावं आहेत म्हणजे त्यांच्यामध्ये ये-जा असणार आणि ये-जा असेल तर उतार असणारच, हा त्याचा तर्क. उतार सापडला. ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं.

इथे पोलमानने अनपेक्षित काम केलं. वेलस्ली बगलेवर येतोय हे पाहून त्याने आपली सगळी फळी काटकोनात वळवून दोन नद्यांमध्ये उभी केली. गोळ्यांच्या माऱ्यात अशी हालचाल करणं फार अवघड, आणि शिंद्यांच्या पलटणींनी ती कवायतीसारखी केली. मराठा तोफांनी वेलस्लीचे तोफा ओढणारे बैल मारले, त्याच्या तोफा मागे पडल्या आणि पायदळाला तोफांविना पुढे जावं लागलं.

नदीच्या बाजूला ७८व्या पलटणीने आणि मद्रासी पलटणींनी संगिनींनी तोफा घेतल्या. उजव्या टोकाला मात्र अनर्थ झाला. तिथल्या अधिकाऱ्याने हुकूम चुकीचा समजून आपल्या तुकड्या थेट असई गावाकडे नेल्या. गावात तोफा आणि बंदुका ठासून भरलेल्या. मागोमाग ७४वी पलटण गेली आणि तिच्या सुमारे ५०० पैकी ४०० च्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवलं. तो स्वतः त्याच दिवशी नंतर मारला गेला.

एवढ्यावर संपलं नाही. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि तोफा उलट्या फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्या दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाल्याची जखम झाली. संध्याकाळपर्यंत मैदान त्याच्या हाती आलं, ९८ तोफाही मिळाल्या. किंमत होती ४२८ मृत आणि ११३८ जखमी, म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिघांमागे एकाहून जास्त. पाठलाग करायची ताकद उरली नव्हती. जखमींना अजिंठ्याला हलवून तिथे इस्पितळ उभारावं लागलं. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाई म्हणून तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, तेव्हा त्याने एकच नाव घेतलं, असई.

त्या दिवशी त्याच्या घोड्याशेजारी दुभाषा म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तोच, तेव्हा वय २३.

असई फितुरीने गेली का?

या एका शब्दाने असईच्या गोलंदाजांवर अन्याय होतो. युद्ध सुरू होताना कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पगाराचं आमिष दाखवून फोडलं, हे खरं. काही जण गेले. पण असईला पलटणी जागेवर लढल्या आणि गोलंदाज तोफांशेजारीच मेले. खरी उणीव वरच्या पातळीवर होती. दोन्ही सरदार लढाई रंगात असतानाच मैदान सोडून गेले, आणि हजारोंचं घोडदळ जवळपास उभंच राहिलं. पायदळ, तोफखाना आणि घोडदळ यांना एका हुकमाखाली चालवणारा माणूसच नव्हता. घेतलेल्या तोफा इतक्या उत्तम होत्या की त्या आपल्या कामाच्या आहेत, असं खुद्द वेलस्लीने लिहून ठेवलं.

त्यानंतर युद्ध कसं संपलं?

२९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यात अडगावला लढाई झाली. सुरुवातीच्या माऱ्यातच असईला उत्तम लढलेल्या तीन मद्रासी पलटणी घाबरून पळत सुटल्या. वेलस्लीने त्यांच्यावर न ओरडता स्वतः पुढे होऊन त्यांना थोपवलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि थोडा वेळ जमिनीवर आडवं पडायला लावलं. मग त्याच पलटणी पुढे गेल्या.

मग भोसल्यांचा गाविलगड किल्ला. त्यावर दक्षिणेकडून चढाई अशक्य, म्हणून स्टीव्हन्सनने मोठ्या तोफा उत्तरेच्या बाजूने, मेळघाटाच्या डोंगरांतून वाट फोडत, सुमारे ३० मैल हातांनी ओढत लबाडा गावापाशी आणल्या. १५ डिसेंबरला बाहेरची तटबंदी पडली, पण आतल्या तटाला खिंडारच पडलेलं नव्हतं. ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने दरीतून शिड्या नेऊन तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी भडोच आणि अहमदनगर सोडलं.

भारतातून त्याने किती पैसा नेला?

मार्च १८०५ मध्ये तो निघाला तेव्हा सुमारे ४२ हजार पौंड गाठीशी होते. पगार, भत्ते आणि लुटीतला कायदेशीर वाटा मिळून. परतीच्या वाटेवर तो सेंट हेलेनावर ज्या घरात राहिला, त्याच घरात दहा वर्षांनी कैदी नेपोलियनने पहिले काही आठवडे काढले.

स्पेन-पोर्तुगालमध्ये त्याने वेगळं काय केलं?

तिथे तो नेपोलियनच्या फौजांशी लढला. नेपोलियन त्याला ‘शिपायांचा’, म्हणजे हिंदी सैनिकांचा, जनरल म्हणून हिणवत असे. हिणवण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण दख्खनचाच हिशेब तिथे चालला. धान्य विकत घ्यायचं, लुटायचं नाही. फ्रेंच फौजा मुलूख ओरबाडून जगत, म्हणून एका जागी त्या फार दिवस टिकत नसत. वेलिंग्टनने याच गोष्टीचा सापळा केला. २० ऑक्टोबर १८०९ च्या टिपणात त्याने लिस्बनच्या उत्तरेला टोरेस व्हेड्रासची तटबंदी आखून दिली. शेतकऱ्यांना कामाला लावून टेकड्यांवर बुरुज बांधले, उतार तासून उभे कडे केले, नद्या अडवून दलदल केली. अखेर दीडशेच्या वर बुरुज झाले. लोकांना आणि धान्याला आत घेतलं, बाहेरचा मुलूख रिकामा केला. ऑक्टोबर १८१० मध्ये मार्शल मासेना तिथे येऊन पाहतच राहिला. महिनाभर उपाशी थांबून मागे हटला. याचा फार मोठा भार पोर्तुगीज शेतकऱ्यांवर पडला. हजारो जण भुकेने आणि रोगाने गेले, हेही त्या यशाच्या खात्यावरच लिहायला हवं.

त्याचं काय चुकलं?

वेढे. मैदानात तो उत्तम, किल्ल्यापुढे अडखळे. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री फ्रेंचांच्या ताब्यातलं बादाहोस पडलं, पण वेढ्यात साडेचार हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. सुरुंग-खंदकांचं शिक्षण घेतलेली माणसं फौजेत जवळपास नव्हतीच. त्याच्याच तक्रारीवरून नंतर त्यांचं दल उभं राहिलं. हल्ल्यानंतर सैनिकांनी त्या स्पॅनिश, म्हणजे मित्रपक्षाच्या, शहरात तीन दिवस लूट, खून, बलात्कार केले. लुटीबद्दल इतका कडक असलेला सेनापती त्यांना वेळेत आवरू शकला नाही. हा डाग पुसला जात नाही. त्याच वर्षी बुर्गोसला तो फक्त तीन मोठ्या तोफा घेऊन गेला, पाच आठवडे अडकला आणि मागे फिरला.

वॉटर्लू त्याने एकट्याने जिंकलं का?

नाही. १८ जून १८१५ रोजी त्याच्याकडे सुमारे ६८ हजार सैन्य होतं, त्यात ब्रिटिश जेमतेम एक-तृतीयांश. बाकी डच, बेल्जियन आणि जर्मन. नेपोलियनकडे सुमारे ७३ हजार. ब्ल्यूशरची प्रशियन फौज येणार, या भरवशावरच त्याने ती टेकडी धरली होती. त्याची युक्ती जुनीच: माणसं टेकडीच्या मागच्या उतारावर ठेवायची, म्हणजे तोफगोळे डोक्यावरून जातात आणि शत्रूला समोर किती जण आहेत ते दिसत नाही. पुढच्या ऊगोमाँ आणि ला हाय सेंत या वाड्यांनी फ्रेंचांना दिवसभर गुंतवलं. दुपारी चार-साडेचारपासून प्रशियन बगलेवर येऊ लागले आणि नेपोलियनची राखीव फौज तिकडे ओढली गेली. धरून ठेवण्याचं काम वेलिंग्टनचं, मोडण्याचं काम दोघांचं.

पंतप्रधान म्हणून तो कसा होता?

जानेवारी १८२८ ते नोव्हेंबर १८३०. मंत्र्यांशी चर्चा करण्याची त्याला सवय नव्हती, हुकूम देण्याची होती. पण त्याचं एक काम मोठं आहे. १८२८ मध्ये ओ’कॉनेल क्लेअरची पोटनिवडणूक जिंकला, पण कॅथलिक असल्याने त्याला संसदेत बसता येईना. आयर्लंड पेटण्याच्या बेतात होतं. वेलिंग्टन स्वतः या सवलतीच्या विरोधातला. तरी यादवी युद्ध टाळायचं तर हा मोर्चा सोडला पाहिजे हे त्याने ओळखलं, राजीनाम्याची धमकी देऊन राजा चौथ्या जॉर्जला वळवलं, आणि एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा झाला. त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. त्याच वेळी आयर्लंडमध्ये मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली आणि असंख्य गरीब कॅथलिक शेतकऱ्यांचं मत गेलं.

या कायद्यावरून अर्ल ऑफ विंचिल्सीने त्याच्यावर जाहीर आरोप केला, तेव्हा पदावर असलेल्या पंतप्रधानाने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. २१ मार्च १८२९ ला बॅटरसीच्या मैदानात वेलिंग्टनने नेम बाजूला मारला, विंचिल्सीने हवेत बार काढला आणि लेखी माफी दिली.

मतदारसंघांच्या सुधारणेबाबत मात्र तो आडमुठा राहिला. २ नोव्हेंबर १८३० रोजी, सध्याच्या व्यवस्थेत सुधारणेला जागाच नाही, असं भाषण त्याने लॉर्ड्समध्ये केलं आणि दोन आठवड्यांत सरकार पडलं. १८३१ मध्ये जमावाने त्याच्या ॲप्सली हाउसच्या काचा फोडल्या. एप्रिलमधल्या दगडफेकीच्या वेळी त्याची बायको किटी हिचं नुकतंच निधन झालेलं होतं. खिडक्यांना त्याने लोखंडी झडपा बसवल्या. ‘आयर्न ड्यूक’ नाव त्यावरूनच पडलं असं नेहमी सांगतात, पण त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. १८३२ मध्ये शेवटी आपल्या बाजूच्या लॉर्डांना मतदानापासून दूर ठेवून त्यानेच कायद्याची वाट मोकळी केली. १८४६ मध्ये धान्य कायदे, म्हणजे परदेशी धान्यावर कर लावणारे कायदे, रद्द करतानाही, स्वतःला न पटलेलं विधेयक त्याने लॉर्ड्समध्ये पार पाडून दिलं.

तो दुसऱ्यांदाही पंतप्रधान झाला होता ना?

हो, नोव्हेंबर-डिसेंबर १८३४ मध्ये तीन आठवडे. पंतप्रधान व्हायचा रॉबर्ट पील इटलीत होता, तो परतेपर्यंत वेलिंग्टनने बहुतेक सगळी खाती एकट्याने सांभाळली.

त्याच्या नावावरची कोणती वाक्यं खरी आहेत?

‘वॉटर्लू ईटनच्या मैदानांवर जिंकलं गेलं’ हे त्याच्या मृत्यूनंतर चिकटवलेलं आहे. ईटनमध्ये तो तीनच वर्षं होता आणि तिथे रमलाही नाही. आपल्या सैनिकांना तो ‘जगातला गाळ’ म्हणाला हे खरं. पण पुढे त्यातूनच आपण इतकी चांगली माणसं घडवली याचं नवल वाटतं, असंही तो म्हणाला होता. हा दुसरा भाग गाळून पहिला सांगू नये. हरलेल्या लढाईखालोखाल दुःखाची गोष्ट म्हणजे जिंकलेली लढाई, या अर्थाचं वाक्य मात्र त्याचंच आहे.

त्याचा मृत्यू कधी झाला? मुंबईत त्याची काही खूण आहे का?

१४ सप्टेंबर १८५२, केंट परगण्यातल्या वॉल्मर किल्ल्यात. दफन लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये, १८ नोव्हेंबरला. मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात १८६५ चं वेलिंग्टन कारंजं आहे. १८०१ आणि १८०४ मधल्या त्याच्या मुंबई-भेटींची ती आठवण.

असई आणि गाविलगड पाहायचे असतील तर कसं जावं?

असईसाठी आधी भोकरदन गाठा. पावसाळा संपता संपता जा, म्हणजे दोन्ही नद्यांना पाणी असतं आणि बेचक्याचा अर्थ डोळ्यांना कळतो. आधी केळणेच्या दक्षिण काठावर उभे राहून समोर पाहा, मग उताराच्या बाजूने पलीकडे जा आणि तिथून असई गावाकडे चाला. याच क्रमाने गेलात तर ७४वी पलटण कुठे चुकली ते आपोआप दिसेल. उलट दिशेने गेलात तर काही उमगत नाही. गाविलगड चिखलदऱ्याला लागूनच आहे. आत जाताना बाहेरचा आणि आतला तट यांच्यामधली दरी पाहायला विसरू नका, कॅम्पबेलच्या शिड्या तिथूनच गेल्या.

त्याची पत्रं वाचताना गावं ओळखू येत नाहीत. काय करावं?

त्याचे मूळ कागद साउथॅम्प्टन विद्यापीठात आहेत आणि दख्खनमधली पत्रं छापलेली आहेत. गावांची नावं इंग्रज कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. असई ‘असाये’, अडगाव ‘आरगॉम’, नळणी ‘नॉलनिया’. नुसत्या नावावरून शोधू नका. आधी पत्राची तारीख पाहा, मग मागच्या आणि पुढच्या मुक्कामाचं अंतर मैलांत काढा. फौज साधारणपणे दिवसाला दहा ते पंधरा मैल चालत असे. त्यावरून नकाशावर पट्टा आखून त्या पट्ट्यातली नदी आणि तिच्या काठची गावं पाहिली की बहुतेक नाव लागतं. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावं निघाली, तर ज्या काठावर मुक्काम असल्याचं पत्रात म्हटलं आहे त्या काठाचं गाव धरा.